भाऊसाहेब बांदोडकर : खाणीच्या धंद्यातून मुख्यमंत्रिपदाकडे
(पुण्यतिथीच्या सभेत केलेले भाषण)

शेतकरी आणि रापणकार बंधुभगिनींनो,

१२ ऑगस्टला आमच्या गावच्या शाळेच्या सभागृहात भाऊसाहेब दयानंद बांदोडकरांच्या पुण्यतिथीची सभा झाली. मला बोलायला सांगितले होते आणि मी बोललो. पण समोर पाहिले तर निवृत्त शिक्षक, दोन वकील, पंचायतीचे लोक आणि शाळेची मुले. ज्यांच्यासाठी बोलायचे ते तुम्ही नव्हता. तुमचा दोष नाही. जुलै संपला, मासेमारीची बंदी उठली, होड्या पाण्यात गेल्या; आणि शेतकरी भातात गुडघाभर चिखलात. ऑगस्ट महिन्यात सभा ठेवणाऱ्यांनाच नांगर आणि जाळे ठाऊक नाही असे म्हणायला हवे. भाऊसाहेबांनी देह ठेवण्याची तारीख आपल्या हातात नव्हती, एवढीच त्या सभेची सबब. म्हणून जे बोललो ते लिहून काढले आहे. घरी कोणी वाचणारे असेल त्याच्याकडून वाचून घ्या, किंवा स्वतः वाचा. तुमच्यापैकी पुष्कळांना वाचता येते, आणि ते का येते हाही या भाषणाचाच एक भाग आहे.

मी काही भाऊसाहेबांच्या बैठकीतला माणूस नव्हे. ते गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. माझ्या घरी त्यांचे एक जुने छायाचित्र देवांच्या शेजारी लावलेले असे. लहानपणी मला ते घरातल्याच कोणा वडीलधाऱ्याचे वाटे. आजी चवथीला त्याला हळदकुंकू लावी. त्या छायाचित्राचे आणि आमच्या शेताचे नाते काय, ते मी पुढे सांगणार आहे, कारण त्यात आमच्या घरच्या एका मोठ्या चुकीची हकीगत आहे.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९१० मध्ये, पोर्तुगालात राजा गेला आणि प्रजासत्ताक आले, आणि गोव्यातल्या हिंदूला निदान कायद्याने तरी इतरांच्या बरोबरीचा म्हणून मोजायला सुरुवात झाली. त्याआधी सरकारदरबारी आपली पायरी कोणती होती, हे वाडवडिलांनी सांगितलेलेच आहे. म्हणजे हा मुलगा जन्मला तो दार किंचित किलकिले झाल्यावर. पण दार सरकारने किलकिले केले तरी गावातली दारे तशीच होती. भाऊसाहेब ज्या गोमंतक मराठा समाजात जन्मले, त्या समाजाने देवळांची सेवा पिढ्यान्‌पिढ्या केली, गाण्याची विद्या सांभाळली, अखिल भारताला गवई दिले. आणि त्याच देवळांच्या महाजनकीत, त्याच गावांच्या मानपानात त्याला जागा नव्हती. मी देवळांच्या गावात राहणारा माणूस आहे. पालखीच्या पुढे कोण, मागे कोण, आणि पालखीला कोणी हात लावायचा नाही, हे आमच्याकडे मुलाला पाढ्यांच्या आधी शिकवले जाई. तेव्हा या माणसाने कुठून सुरुवात केली ते लक्षात ठेवा. त्याच्यामागे ना भाटे होती, ना गावकरी, ना मोठी शाळा. औपचारिक शिक्षण बेताचेच.

धंद्यातून ते वर आले. दुसरे महायुद्ध संपल्यावर गोव्यातल्या लोखंडी खनिजाला गिऱ्हाईक मिळाले, आणि त्यातले मोठे गिऱ्हाईक जपान. तिथल्या पोलादाच्या कारखान्यांना माती हवी होती आणि आपल्या डिचोली, सत्तरी, सांगेच्या डोंगरांत ती पडलेली होती. पोर्तुगीज सरकार खाणीचा परवाना देई, आणि तो मुदतीचा नसे, कायमचा असे. ज्याला अंदाज घेता आला, उधारी उभी करता आली, मजूर जमवता आले, खनिज बार्जेसमधून मांडवी-जुवारीने मुरगाव बंदरापर्यंत वेळेवर पोचवता आले, तो दहा-पंधरा वर्षांत श्रीमंत झाला. बांदोडकर त्यांतले एक. खाण-धंद्यातली इतर पुष्कळशी घराणी आधीच पैसेवाली होती. हे नव्हते. पैसा कसा येतो हे त्यांनी उन्हात उभे राहून पाहिले होते. म्हणून तो सोडतानाही त्यांचा हात अडखळत नसे. शाळांना, देवळांना, नाटकमंडळींना, खेळाडूंना, अडल्यानडल्या माणसाला त्यांनी दिले. फुटबॉल, क्रिकेट, शिकार, गाणे या सगळ्यांचा त्यांना नाद. लोक त्यांना ‘भाऊ’ म्हणू लागले ते राजकारणात येण्याच्या पुष्कळ आधी. तुमच्यापैकी कोणाला वाटत असेल की ‘भाऊ’ ही पक्षाच्या प्रचाराची पदवी, तर ती तशी नव्हे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आता इथे थोडे थांबून सांगतो, कारण इथूनच सगळे फिरले. मुक्तीनंतर आपल्याकडच्या मोठ्या लोकांचा हिशेब असा होता की पाखले गेले, आता राज्य काँग्रेसचे, आणि काँग्रेस म्हणजे आम्ही. भाटकार, खाणवाले, शहरातले प्रतिष्ठित, सगळे एका खोलीत जमले. कूळ आणि मुंडकार बाहेर अंगणात उभे. त्याला कोणी विचारले नाही. स्वातंत्र्य आले म्हणजे काय झाले, हे त्याला अजून कळायचे होते. भाटकाराचा मुकादम तोच, खंडाचे माप तेच, घराच्या छपराला हात लावायचा तर भाटकाराची परवानगी तीच.

अशा वेळी १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला आणि त्याच्या पुढारपणाला बांदोडकर आले. स्वतः खाणमालक. पण उभे राहिले अंगणातल्यांच्या बाजूला. पक्षाने दोन गोष्टी मागितल्या: महाराष्ट्रात विलीनीकरण, आणि कसेल त्याची जमीन. जुने कार्यकर्ते सांगत की खेड्यातल्या सभेत लोक पहिल्या मागणीला टाळ्या वाजवीत आणि दुसऱ्या मागणीला गप्प होत. बायका पदर तोंडाला लावून ऐकत. हे शब्द मोठ्याने बोलता येतात हेच त्यांना नवीन होते.

९ डिसेंबर १९६३ ला विधानसभेची पहिली निवडणूक झाली. एकूण जागा ३०, त्यात गोव्याच्या २८, दमणची एक आणि दीवची एक. सोळा जागा मगोच्या बाजूला आल्या. डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला बारा. आणि ज्या काँग्रेसच्या सरकारने गोवा मुक्त केला, त्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा नाही. तिची एकुलती एक जागा आली ती दमणहून. जगात असे क्वचितच घडले असेल. २० डिसेंबरला बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गंमत अशी की त्यांनी स्वतः निवडणूक लढवलीच नव्हती. पुढे आमच्या जवळच्याच मडकई मतदारसंघातून पोटनिवडणुकीत ते निवडून आले. विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस हे त्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात होते. टोनी फर्नांडिस हे नाव मुद्दाम घेतो, कारण मगो म्हणजे फक्त हिंदूंचा पक्ष असे आज सरसकट बोलले जाते. मतदार बहुतेक हिंदू बहुजन होता, हे खरे. पण पहिल्या पंगतीत ख्रिस्ती माणूसही बसला होता.

आता त्यांनी काय केले ते. मी मास्तर, म्हणून आधी शाळा.

पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा चालत त्या लोकांच्या पदरच्या पैशावर, देवळाच्या चौकात किंवा कुणाच्या ओसरीवर. पंतोजीला पगार म्हणून तांदूळ आणि नारळ. मजुराचे आणि खारव्याचे मूल तिथवर पोचत नसे. बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव, वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा काढल्या. इमारत नाही तर भाड्याचे घर, घर नाही तर देवळाचा मंडप. शिक्षक कमी पडले तेव्हा महाराष्ट्रातून आणले. कोल्हापूर, रत्नागिरी, सांगलीकडचे ते तरुण मास्तर खांद्याला पिशवी लावून सत्तरीच्या रानात आणि काणकोणच्या किनाऱ्यावर गेले, ओढे ओलांडून शाळा उघडल्या, आणि त्यातले कित्येक इथेच राहिले, इथलेच झाले. मी ज्या शाळेत शिकलो ती त्या वर्षांतली. मला ज्यांनी ‘ग’ काढायला शिकवले ते घाटावरचे होते. त्यांना मासे खायला आमच्या आईने शिकवले. घरात कोकणी आणि पाटीवर मराठी, यात आम्हाला कधी भांडण दिसले नाही. भांडण आहे, हे आम्हाला मोठेपणी वर्तमानपत्रांनी सांगितले.

आज त्यातल्या पुष्कळ शाळा पटावर मुले नाहीत म्हणून बंद झाल्या. काही ठिकाणी दोन शाळांची एक केली. मी ज्या वर्गात बसलो त्या वर्गाला मी स्वतः शिक्षक म्हणून कुलूप लावले आहे. किल्ली भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिली आणि पोहोच घेतली. ती पोहोच माझ्याकडे आहे.

शाळेनंतर शेत.

१९६४ मध्ये कूळ कायदा झाला. त्याचा अर्थ तुमच्या आजोबांच्या भाषेत सांगतो. त्याआधी कूळ शेतात उभे होते ते भाटकाराच्या मर्जीवर. एका हंगामाला इकडचे माप कमी पडले की पुढच्या हंगामाला दुसऱ्याचे बैल शेतात. कायद्याने म्हटले की कूळ असे उठवता येणार नाही, खंडाला मर्यादा राहील, आणि तंटा झाला तर तो मामलेदारापुढे. भाटकाराच्या ओसरीवरचा तंटा सरकारच्या मेजावर आला. हा बदल लहान समजू नका. मग १९६८ मध्ये जमीन महसुलाची संहिता आली आणि तिच्याखाली गावोगाव मोजणी सुरू झाली. आज ज्याला आपण ‘एक-चौदाचा उतारा’ म्हणतो, तो तिथून आला. त्या उताऱ्यात जमिनीच्या धन्याचे नाव जसे असते, तसे कुळाचे नाव लिहायलाही जागा असते. १९७१ मध्ये मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून कायदा झाला. १९७३ नंतर शशिकलाताईंच्या कारकिर्दीत दोन पावले आणखी पुढे पडली: १९७५ चा मुंडकार कायदा, ज्याने मुंडकाराला राहते घर जागेसकट विकत घेता आले, खेड्यात ३०० चौरस मीटरपर्यंत, आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, ज्याने कसणारा कूळ हा जमिनीचा खरेदीदार मानला गेला. रापणकार बंधूंनो, किनाऱ्यावरच्या माडांखाली तुमची घरे ज्या भाटकारांच्या जमिनीत होती, त्यांना मुंडकार कायदाच लागू झाला. कायदा शेतकऱ्यांचा, आम्हाला काय, असे अजूनही किनाऱ्यावर ऐकू येते, म्हणून सांगितले.

आता आमच्या घरची हकीगत. माझे आजोबा खाजन शेतीतले कूळ. भरतीचे खारे पाणी अडवायचे, बांध घालायचा, मानशीच्या दारावर लक्ष ठेवायचे, रात्री कंदील घेऊन बांधावर फिरायचे, हे त्यांचे आयुष्य. मोजणीचे लोक आले तेव्हा भाटकारही छत्री घेऊन बांधावर उभे राहिले. सर्व्हेअरने विचारले, हे शेत कोण करतो? आजोबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, धन्याचेच आहे, आम्ही आपले बघतो. भाटकारांच्या तोंडासमोर ‘मी कूळ’ असे कसे म्हणायचे? त्यांच्याच घरून आजीच्या बाळंतपणाला तांदूळ आले होते. भीती नव्हती ती. भीड होती. सर्व्हेअरने रकाना कोरा ठेवला आणि पुढच्या शेताकडे गेला. शेजारच्या शेतातल्या विधवेने मात्र पदर खोचून सांगितले, मी करते, माझे नाव घाला. तिच्या नातवाकडे आज सनद आहे. आमच्या घरी भाऊसाहेबांचे छायाचित्र होते, हळदकुंकू होते, आणि रकाना कोरा होता. पुढे वडिलांनी मामलेदाराकडे अर्ज केला. साक्षीदार म्हातारे होऊन वारले, भाटकार वारले, त्यांचे वारस परदेशी गेले, मामलेदार बदलले. तो दावा वडिलांच्या मृत्यूनंतर माझ्या नावावर चढला आहे.

सभेत हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक म्हातारी, शाळेत पाणी भरणाऱ्या बाईची आई, उभी राहिली. म्हणाली, “मास्तर, भाऊन जमीन दिली म्हण सांगतात, पूण कागदार म्हजें नांव खंय आसा?” मला उत्तर देता आले नाही. याच कारणासाठी हा लेख लिहायला बसलो, नुसत्या पुण्यतिथीसाठी नव्हे.

आता विलीनीकरण. या साप्ताहिकाच्या पानावर त्याबद्दल गोड बोलणे सोपे आहे. पण झाले ते जसेच्या तसे सांगायला हवे.

पक्ष निवडून आला म्हणजे लोकांनी विलीनीकरणाला कौल दिला, असे भाऊसाहेबांचे म्हणणे. दिल्लीने ते मानले नाही. शेवटी लोकांनाच थेट विचारायचे ठरले आणि १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला सार्वमत झाले. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

का हरलो? आपल्यात एक सवय आहे, सगळा दोष सासष्टीच्या मतांवर टाकायची. तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. महाराष्ट्रात त्या वेळी दारूबंदी होती. माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराला कोणी समजावून सांगितले नाही की उद्या तुझ्या पोटाचे काय. नोकरीतल्या माणसाला वाटले की आपल्या जागी बाहेरचा येईल. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आणलेले काही अधिकारी आपल्या वागण्याने या भीतीला रोज खतपाणी घालत होते. शाळेतल्या घाटी मास्तराला लोकांनी जीव लावला, कचेरीतल्या साहेबाला नाही. हा फरक भाऊसाहेबांच्या वेळीच ध्यानात यायला हवा होता. शिवाय समोरची बाजू झोपली नव्हती. डॉ. सिक्वेरा गावोगाव फिरले. ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ रोज सुटत होते, आणि तेही मराठीत. उल्हास बुयांव गाणी गात हिंडत होते. मराठी वाचणाऱ्या हिंदूला मराठीतूनच दोन पाने पटवली गेली. आपल्या बाजूला वाटले, भाऊ आहेत, पुरे आहे.

आणि आता त्यातला खरा विचार करण्यासारखा भाग. जानेवारीत हरलेल्या या माणसाला मार्चमध्ये लोकांनी पुन्हा निवडून दिले. २८ मार्च १९६७ च्या निवडणुकीत पुन्हा सोळा जागा, आणि ५ एप्रिलला पुन्हा मुख्यमंत्री. यात एक गणिताची गोष्ट आहे, मास्तर म्हणून सांगतो. सार्वमतात सगळी मते एका राशीत ओतली. तिथे सासष्टीचे ढीग मोठे. विधानसभेत प्रत्येक मतदारसंघाचे माप वेगळे. एका ठिकाणी दहा हजारांनी जिंकले तरी जागा एकच. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इकडची मते जागांमध्ये पसरलेली. पण नुसते गणित नव्हे. ज्यांनी दोन पानांवर शिक्का मारला त्यांतल्या काहींनी मार्चमध्ये मगोच्या सिंहावर मारला, असे जुने लोक सांगतात, आणि मला ते खोटे वाटत नाही. त्यांना भाऊ हवे होते, कूळ कायदा हवा होता, शाळा हवी होती. फक्त गोव्याचा जिल्हा व्हायला नको होता. कामासाठी पणजीला जाता येते. मुंबईला कोण जाणार? आपण त्या मतदाराला फितूर म्हणत आलो. त्याने आपल्या पुढाऱ्यावर विश्वास टाकला आणि आपल्या कुंपणाचाही विचार केला, एवढेच.

भाऊसाहेबांनी कौल मानला. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता, किंवा रस्त्यावर उतरला असता. ते कचेरीत बसले. जो गोवा वेगळा राहू नये म्हणून पक्ष काढला, त्याच वेगळ्या गोव्याची घडी त्यांनी पुढची सहा वर्षे बसवली. १९७० मध्ये कला अकादमी निघाली. त्याच वर्षी पक्षात बंड झाले, त्यांचेच काही आमदार उलटले; सरकार तरले. १९७२ च्या निवडणुकीत मगोच्या जागा अठरा झाल्या. आमच्या भागात फर्मागुडीला गोपाळ गणपतीचे देऊळ आहे. गुराख्यांना सापडलेल्या त्या गणपतीचे देऊळ त्यांनी उभे केले, पंचधातूच्या मूर्तीची प्रतिष्ठा १९६६ मध्ये केली. ज्या समाजाला देवळात मागे उभे केले, त्या समाजातल्या माणसाने बांधलेल्या देवळात आज सगळ्या जाती पहिल्या पायरीने चढतात. मी मुलांची सहल तिथे नेतो तेव्हा हे सांगतो.

उणे सांगितल्याशिवाय मास्तराला गुण देता येत नाहीत. कूळ कायद्याने भाटकाराला हात लागला; खाणीला लागला नाही. खाणींचा विषय बराचसा दिल्लीचा, हे मान्य. पण पोर्तुगीजांनी दिलेले ते कायमचे परवाने रद्द होऊन त्यांचे मुदतीचे पट्टे व्हायला १९८७ उजाडले. मधल्या काळात डिचोली-सत्तरीच्या शेतकऱ्याच्या शेतात पावसाबरोबर जी तांबडी माती उतरली, तिचा खंड कोणी दिला नाही. ज्या धंद्यात भाऊसाहेब वाढले त्या धंद्याकडे त्यांनी कुळाच्या डोळ्यांनी पाहिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मला पडतो.

दुसरे उणे किनाऱ्याचे. यंत्रावरच्या ट्रॉलरांना त्या वर्षांत सरकारी कर्जे आणि अनुदाने मिळू लागली. उद्देश चांगला, मासळी वाढावी. पण कर्जाला तारण लागते, आणि तारण कोणाकडे? रापणकाराकडे होडी, जाळे आणि मुंडकाराचे घर. म्हणून पुष्कळ ट्रॉलर गेले ते ज्यांनी कधी वल्हे धरले नाही अशांच्या हाती, आणि ते मासे मारायला आले ते रापणीच्याच पाण्यात. पुढे सत्तरच्या दशकात रापणकार पेटून उठले, माथानी साल्ढाणांसारखे त्यांचे पुढारी झाले, आणि तुमच्या त्या झुंजीतून १९८० चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा निघाला. तेव्हा भाऊसाहेब नव्हते. पण बी त्यांच्या वेळचे.

तिसरे, सगळा पक्ष एका माणसाभोवती गुंडाळलेला होता. १२ ऑगस्ट १९७३ ला मुख्यमंत्रिपदावर असतानाच हृदयविकाराने ते गेले, वय बासष्ट. दुसऱ्याच दिवशी त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्या कर्तबगार निघाल्या, वर सांगितलेले दोन मोठे कायदे त्यांचेच. पण मुलगीच का, हा प्रश्न त्या दिवशी कोणाला पडला नाही, यावरून पक्षाची बांधणी कळते. १९७९ च्या एप्रिलमध्ये ते सरकार पडले. ३० मे १९८७ ला गोवा स्वतंत्र घटक राज्य झाले. विलीनीकरणाचा कागद तिथे मिटला, असे कोणी म्हणेल. या पानावर मी त्याच्याशी वाद घालत नाही.

मिरामारला समुद्राकाठी त्यांची समाधी आहे. पणजीहून तिकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. माझी आजी आयुष्यात एकदाच पणजीला गेली, ती समाधी बघायला. परत आल्यावर वडिलांनी विचारले, काय पाहिलेस? म्हणाली, फुले घातली, आणि विचारले त्यांना, आमच्या म्हाताऱ्याने नाव का घातले नाही रे भाऊ? वडील हसले. मी तेव्हा लहान होतो, मला वाटले ती खरोखरच कोणाशी बोलून आली.

आता कामाचे. त्या बाकावरच्या म्हातारीला मी सभेत उत्तर देऊ शकलो नाही. पण दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. उतारा पाहिला. कुळाच्या रकान्यात तिच्या सासऱ्याचे नाव आहे, फक्त चुकीचे लिहिलेले, आडनावाच्या जागी वाड्याचे नाव पडलेले. कोणी वाचूनच पाहिले नव्हते. पन्नासएक वर्षे ते नाव तिथे बसून होते. घरात तीन नातू शिकलेले.

तेव्हा ज्यांच्या घरी एक-चौदाचा उतारा आहे, त्यांनी तो ट्रंकेतून बाहेर काढा. नसेल तर मामलेदार कचेरीतून मागून घ्या. त्याबरोबर खंडाच्या जुन्या पावत्या, देवळाला किंवा भाटकाराला भात दिल्याची चिठ्ठी, मुंडकाराच्या घराची घरपट्टी, वीजबिल, मतदारयादीचा कागद, जे असेल ते ठेवा. फाटके असले तरी चालेल, चिकटवू नका. भाद्रपद लागेपर्यंत दर रविवारी सकाळी दहा ते एक मी आमच्या बंद झालेल्या शाळेच्या ओसरीवर बसणार आहे. रापणकारांना सकाळ जमत नसेल तर संध्याकाळी चारनंतर या. सोबत एक वकील येणार आहेत, ते पैसे घेणार नाहीत. माझा स्वतःचा दावाही मी त्यांनाच दाखवणार आहे. येताना चष्मा विसरू नका, आणि घरातले शिकलेले मूल बरोबर आणा.